विश्लेषण : सोलापुरात उरलेले अन्न ताटापर्यंत का पोहोचत नाही?

लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या मागच्या बाजूला भाताची पातेली रिकामी होत असतात आणि त्याच शहरात कुणी तरी अर्ध्या पोटी झोपत असते. अन्न आहे, देणारे हातही आहेत आणि २०२० पासून उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी नियमही लागू आहेत. मग घोडे अडते कुठे?

किती अन्न वाया जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्न नासाडी निर्देशांकानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा साधारण १९ टक्के भाग होतो. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा; हॉटेले, खानावळी आणि किरकोळ दुकाने त्यानंतर येतात. भारतातील घरांसाठी हा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो इतका आहे.

हाच आकडा सोलापूरला लावून पाहता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८. म्हणजे केवळ घरांतून वर्षाला सुमारे ५२ हजार टन, दिवसाला १४३ टनांच्या आसपास. हा गणिती अंदाज आहे, मोजणी नव्हे. त्यात केळीची साले, चहाचा चोथा, शेंगांची टरफले असे न खाण्याजोगेही येते आणि देशाची सरासरी सोलापूरच्या काटकसरी घरांना जशीच्या तशी लागू होईलच असे नाही. शिवाय जनगणना जुनी आहे. तरीही कोणत्या पट्टीचा प्रश्न आहे, एवढे त्यावरून कळते.

मंगल कार्यालये या आकड्यात नाहीत. तिथली नासाडी वेगळ्या कारणाने होते. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार’ असे छापलेले असते. येणार की नाही, किती जण येणार, हे कुणी विचारत नाही आणि कुणी कळवतही नाही. आचाऱ्याला मात्र पानांचा आकडा आधी द्यावा लागतो. पाहुण्यांना अन्न कमी पडले, ही गोष्ट घराण्याच्या नावावर वर्षानुवर्षे राहते. अन्न उरले, हे दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही नसते. त्यामुळे यजमान सातशेची अपेक्षा असली तर हजार पाने सांगतो. त्याच्या जागी बसून पाहिले तर यात वेडेपणा काही नाही.

याउलट चित्र चाळीसेक किलोमीटरवरच्या अक्कलकोटला दिसते. तेथील श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाचे अन्नछत्र १९८८ पासून चालते. भाविक रोज येतात, पंगतीमागून पंगत बसते. अशा ठिकाणी गर्दी पाहून स्वयंपाक टप्प्याटप्प्याने चढवता येतो आणि एका पंगतीत उरलेले पुढच्या पंगतीत खपते. लग्नाच्या जेवणाला पुढची पंगत नसते.

उरलेले, शिळे आणि उष्टे यांत फरक काय?

मराठीत या तिन्हींना वेगळे शब्द आहेत आणि सगळा विषय या फरकावरच उभा आहे. पानात वाढलेले आणि टाकलेले ते उष्टे. ते कुणालाही देता येत नाही. त्याची जागा ओल्या कचऱ्यात. पातेल्यातच राहिलेले, न वाढलेले ते उरलेले. वाचवता येते ते एवढेच. हेच उरलेले वेळेत हलवले नाही, की शिळे होते.

बुफेमध्ये ही सीमा पुसट होते. टेबलावर तासन् तास उघडे राहिलेले, शेकडो हातांनी चमचे घातलेले भांडे आणि मागे आचाऱ्याकडे झाकून ठेवलेले पातेले, दोन्ही ‘उरलेले’च म्हटले जाते. अन्न नेणाऱ्या अनुभवी स्वयंसेवकाने टेबलावरचे भांडे सोडून मागचे पातेले मागितले पाहिजे. अनेकदा यजमानाला हा नखरा वाटतो. तो नखरा नाही.

खरी अडचण घड्याळाची

शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानाच्या पट्ट्यात राहिले, की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, हा अन्नसुरक्षेचा पाया. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सर्वसाधारण नियम असा, की शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एकच तास. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नाच्या बऱ्याचशा तिथी नेमक्या त्याच दिवसांत येतात.

भाताचे प्रकरण आणखी अवघड. ‘बॅसिलस सेरेयस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला, की ते रुजतात आणि त्यातून तयार होणारे एक विष नंतर भात कितीही गरम केला तरी टिकून राहते. ‘सकाळी फोडणी देऊ’ हा घरगुती तोडगा म्हणूनच, रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताच्या बाबतीत भरवशाचा नाही. लग्नात सर्वाधिक उरतो तो भातच. त्याच्या मागोमाग दही घातलेले पदार्थ, मठ्ठा, बासुंदी आणि पनीरची भाजी. पुऱ्या, चपात्या, बुंदीचे लाडू, शंकरपाळे, चटण्या असे कोरडे पदार्थ त्या मानाने तग धरतात.

आता वेळापत्रक पाहू. दुपारच्या अक्षतांनंतरचे जेवण साडेतीन-चारपर्यंत आटोपते. यजमान पाहुण्यांना निरोप देण्यात गुंतलेला. उरलेल्या अन्नाची आठवण त्याला होते ती हिशेब करताना, संध्याकाळी. रात्रीच्या स्वागत समारंभानंतर आठवण होते ती अकरा वाजता. फोन करून गाडी येईपर्यंत बारा. त्या वेळी वस्त्या झोपलेल्या असतात. जागे असतात ते सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातले रुग्णांचे नातेवाईक, रेल्वे स्थानक आणि एसटी स्थानकाच्या आसपासची माणसे. मिळणारे अन्न दोनशे जणांचे आणि जागे असलेले चाळीस, असा हा मेळ बसत नाही. दानत असूनही अन्न वाया जाते, त्याचे कारण बहुतेक वेळा हे असते.

नियम काय सांगतात?

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाची पुनर्प्राप्ती आणि वाटप यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र विनियम केले. ते १ जुलै २०२० पासून लागू झाले. टाळेबंदीच्या गोंधळात त्याची फारशी चर्चा झाली नाही. त्यानुसार वाटप करणाऱ्या संस्थेची नोंदणी हवी, अन्न कचऱ्यापासून वेगळे ठेवलेले हवे, त्यावर पदार्थाचे नाव, शाकाहारी की मांसाहारी, देणारा कोण आणि वाटणारा कोण हे लिहिलेले हवे, नोंदी ठेवायला हव्यात आणि असे अन्न विकता येणार नाही.

हे नियम वाजवी आहेत. पण ते संस्थांना नजरेसमोर ठेवून केलेले आहेत. लग्नघरचा यजमान काही अन्न व्यावसायिक नसतो. त्याला एकच भीती असते : आपल्या घरच्या जेवणाने कुणाला बाधा झाली तर? अमेरिकेत १९९६ च्या ‘बिल इमर्सन गुड समॅरिटन’ कायद्याने सद्‍हेतूने अन्न देणाऱ्याला, ढळढळीत हलगर्जी नसेल तर, दायित्वापासून संरक्षण दिले. फ्रान्सने २०१६ मध्ये उलट्या बाजूने सुरुवात केली : ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटना धर्मादाय संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. भारतात संसदेने देणाऱ्याला असे संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केलेला नाही. परिणामी अनेक कार्यालयचालक ‘नको ती भानगड’ म्हणत पातेले घंटागाडीत रिकामे करणे पसंत करतात. कायद्याच्या नजरेने तो सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो, ही यातली विचित्र गोष्ट.

घंटागाडीत गेलेल्या अन्नाचे पुढे काय?

सोलापूरने या बाबतीत राज्यातील बऱ्याच शहरांच्या आधी पाऊल उचलले. तुळजापूर रस्त्यावरील कचरा डेपोच्या जागेवर रोज ४०० टन कचरा हाताळण्याची आणि जैववायूपासून ३ मेगावॉट वीज निर्माण करण्याची क्षमता असलेला प्रकल्प खासगी भागीदारीतून उभारण्यात आला. ओला कचरा हवाबंद टाक्यांत कुजवायचा, निघणाऱ्या मिथेनवर वीज करायची आणि उरलेल्या गाळाचे खत, अशी ही पद्धत. उघड्या डेपोवर कुजण्यापेक्षा हे कधीही चांगले, कारण मोकळा सुटणारा मिथेन हवामानाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जाचक असतो.

पण अन्नाच्या उतरंडीत वीज आणि खत खालच्या पायऱ्यांवर येतात. आधी जास्त शिजवायचेच नाही, मग माणसांना, मग जनावरांना आणि त्यानंतर टाकीला. शहराने शेवटच्या पायरीसाठी यंत्र, जागा, गाड्या आणि करार उभे केले. दुसऱ्या पायरीसाठी मात्र कुणाचा तरी मोबाइल क्रमांक आणि कुणाची तरी दुचाकी, एवढ्यावरच काम चालते.

मग सोलापुरात भुकेले कोण?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. १ जानेवारी २०२३ पासून त्याखालचे धान्य मोफत झाले आणि ही सवलत पुढे १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी वाढवली गेली. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. मात्र महाराष्ट्रात या कायद्याचे छत्र ग्रामीण भागात ७६.३२ टक्के लोकसंख्येवर आणि शहरी भागात ४५.३४ टक्क्यांवर आहे, तेही २०११ च्या जनगणनेच्या आधाराने. शहरी प्राधान्य कुटुंबासाठी राज्याने ठरवलेली उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारांनाही कमी.

सोलापूरच्या पूर्व भागातले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे : नवरा यंत्रमागावर, बायको घरी विड्या वळणारी, दोघांची मजुरी कामाच्या मापावर. माग बंद पडला किंवा पानांचा, तंबाखूचा पुरवठा लांबला, की त्या आठवड्याची कमाई नाही. चांगल्या महिन्यांचे उत्पन्न मोजले तर असे घर पाच हजारांची रेषा ओलांडून कायद्याबाहेर जाते; वाईट महिन्यात त्याचे ताट पहिल्यांदा आखडते. आधी डाळ पातळ होते, मग दूध बंद होते आणि भाजी एक दिवसाआड येते. पोट धान्याने भरते, पण पोषण घटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. शहरातली भूक दिसते ती अशी, रांगेत उभी न राहणारी.

रस्त्यावरच्या भुकेसाठी राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली : दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात, १० रुपयांत. ही केंद्रे दुपारच्या ठरावीक वेळेत चालतात आणि दिवसाच्या थाळ्यांची संख्या ठरलेली असते. लग्नाचे अन्न उरते ते हे केंद्र बंद झाल्यावर. इथेही पुन्हा घड्याळच.

कांद्याचे गणित वेगळे आहे का?

नासाडीची सुरुवात ताटात होत नाही. हैदराबाद रस्त्यावरील श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती ही राज्यातील कांद्याच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक. डिसेंबर ते फेब्रुवारीत इथे ट्रकांच्या रांगा लागतात आणि कधी कधी आवक इतकी वाढते, की लिलाव एक दिवसाआड करावे लागतात.

या हंगामात येणारा लाल कांदा खरीप आणि रांगडा असतो. त्यात पाण्याचे प्रमाण जास्त, साल पातळ. उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो. हा राहत नाही. काढला, की विकावाच लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने याच बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे आणि हातात आला दोन रुपयांचा, पुढची तारीख टाकलेला धनादेश. देशभर गाजलेल्या या प्रकारानंतर राज्य सरकारने कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, नेमका लाल कांदा बाजारात येत असताना, केंद्राने निर्यातबंदी घातली आणि ती ४ मे २०२४ पर्यंत राहिली.

अशा दिवसांत शेतकरी कांद्यावर रोटर फिरवतो किंवा मेंढ्या सोडतो. बाजारापर्यंत नेण्याचा खर्चही निघत नसेल तर तो दुसरे काय करणार? नाबार्डच्या सल्लागार संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात काढणीनंतरचे देशातील नुकसान सुमारे १ लाख ५२ हजार ७९० कोटी रुपयांचे दाखवले आहे. शेतातच मोडलेला कांदा या हिशेबात येत नाही. त्यात खर्ची पडलेले विहिरीचे किंवा उजनीचे पाणीही कुठे मोजले जात नाही, आणि हे त्या जिल्ह्यात, जिथल्या शहराला वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी मिळत आले आहे.

टिकवण्याचे शहाणपण सोलापूरकडे आहेच

वेळेवर मात करण्याची एक युक्ती या जिल्ह्याने फार पूर्वी शोधली : कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी थापून, भाजून, पूर्ण वाळेपर्यंत कडक करायची. पाणीच उरले नाही, की बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला जागा राहत नाही. अशी भाकरी महिनोन् महिने टिकते. शेंगा चटणीबरोबर नुसती किंवा कालवणात कुस्करून खाता येते. आज बचत गटांच्या महिला ती पाकिटात भरून पुण्या-मुंबईला पाठवतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या मागे ही टिकाऊपणाची परंपराही आहे. १९७२ च्या दुष्काळात कामांवर वाटलेली सुकडी आठवणारी माणसे जिल्ह्यात अजून आहेत. ती चालली तीही कोरडी होती म्हणूनच. भर उन्हात, मैलोन् मैल तिला शीतगृह लागले नाही.

याचा आजच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. लग्नाच्या जेवणावळीतले कोरडे पदार्थ वेगळे काढून सकाळपर्यंत ठेवता येतात आणि दिवसा, जाग्या वस्तीत वाटता येतात. घाई करायची ती फक्त भात, वरण आणि रस्सा भाज्यांची. सगळे पदार्थ एकाच गाडीत, एकाच घाईने पळवण्यापेक्षा ही विभागणी कितीतरी सोपी.

इतर शहरांनी काय केले?

छत्रपती संभाजीनगरमध्ये (तेव्हाचे औरंगाबाद) डिसेंबर २०१५ मध्ये हारून मुकाती इस्लामिक सेंटरने रोटी बँक सुरू केली. तिथे उरलेल्या अन्नाची वाट पाहिली जात नाही; सभासद कुटुंबे घरी केलेल्या ताज्या पोळ्या आणि भाजी आणून देतात आणि गरजू माणूस ती घेऊन जातो. मुंबईत माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांच्या साथीने २०१७ च्या अखेरीस रोटी बँक उभी केली. तिथे हॉटेले आणि समारंभांतले अन्न गाडीने उचलले जाते. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘रॉबिन हूड आर्मी’ कार्यालय किंवा निधीशिवाय, स्वयंसेवकांच्या बळावर अनेक शहरांत पसरली. पहिल्या पद्धतीत वेळेचा प्रश्नच येत नाही. दुसरीत गाडी लागते. तिसरीत रात्री फोन उचलणारा माणूस लागतो.

सोलापूरला सगळेच नव्याने उभारावे लागणार नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी, परवाना नसलेल्या जागेत शंभरपेक्षा जास्त लोकांचा समारंभ असेल तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवण्याची अट घातली. हेतू होता कचरा वेगळा करण्याचा. मंगल कार्यालयांच्या तर तारखा महिनोन् महिने आधी नोंदलेल्या असतात. म्हणजे कोणत्या रात्री, कोणत्या पेठेत, किती पाने होणार, हे शहरात कुणाला ना कुणाला आधीच ठाऊक असते. ही माहिती नोंदणीकृत वाटप संस्थांना तीन दिवस आधी मिळाली, तर गाडी अकरा वाजता बोलवावी लागणार नाही. ती साडेनऊलाच मागच्या दारी उभी राहील आणि आचारी शेवटचा भात चढवण्याआधी तिच्या चालकाला विचारू शकेल, की किती न्याल. कार्यालयाच्या बुकिंगच्या पावतीवर त्यासाठी दोन रकाने वाढवावे लागतील : अंदाजे पाने किती आणि उरलेले अन्न न्यायला कुणाला कळवायचे.